जाळीमागचे फादर

पावणे गावच्या कारखान्यात आम्ही ज्यांना फादर म्हणायचो, ते ख्रिश्चन नव्हते. ते लातूरकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातले. चर्चमध्ये ते आयुष्यात एकदाच गेले होते, आणि तेही मे महिन्यात आत पंखे फिरताना दिसले म्हणून. पण युरोपातली कुठलीही गोष्ट त्यांच्या हातात द्या, ते ती उलटीपालटी करून बघायचे आणि तिच्या बुडाशी कुठेतरी चर्चचा शिक्का शोधून काढायचे. व्हॉल्वच्या बुडाशी ओतकामाचा नंबर असतो ना, तसा.

आमचा कारखाना व्हॉल्वचा. पाण्याच्या, वाफेच्या मोठ्या पाइपांना लागतात ते. फादर तिथे क्वालिटीचे मुख्य होते आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. त्यांची बसायची जागा म्हणजे गेजरूम. मोजमापाची हत्यारं कुणी सही न करता उचलू नयेत म्हणून प्लायवूडची एक आडभिंत उभी केली होती आणि तिला एक खिडकी ठेवली होती. खिडकीला बारीक तारेची जाळी. जाळीच्या आत फादर, बाहेर कामगार. या खिडकीमुळेच त्यांना ते नाव पडलं.

झालं असं, की एका दुपारी पावणे गावातलाच एक आगरी ऑपरेटर खिडकीशी आला. हत्यार मागेना, नुसता उभा. मग जाळीला तोंड लावून हळूच म्हणाला, "ऐक ना. त्या काल परत आलेल्या मालाचा सांगाचा हाय. माजेच हातशी बिघारलाय त्यो. नाव त्या दुसऱ्या पाळीवाल्याचा झालाय. कोनाला सांगू नको हां."

फादरांनी पुस्तकातून मान वर केली. चर्चमध्ये लोक जाळीआडच्या फादरला आपलं पाप सांगतात, त्या वेळी ते नेमकं त्या कबुलीजबाबावरचं प्रकरण वाचत होते, असं ते शपथेवर सांगायचे. ते म्हणाले, "नाही सांगत. पण शिक्षा हाय. ज्याच्यावर ढकललंस त्याच्याबरोबर आज डबा खायचा. आणि खाऊन झाल्यावर त्याचा डबा तू घासायचा."

ऑपरेटरने त्या दिवशी दुसऱ्या पाळीवाल्याला आपली सुकट खाऊ घातली, डबा घासून दिला आणि हात पुसता पुसता खरं काय ते त्यालाच सांगून टाकलं. दोघांची आधी मारामारी झाली, मग मैत्री. ही बातमी अख्ख्या शॉपमध्ये फिरली आणि जेवणाच्या सुट्टीत खिडकीपुढे रांग लागायला लागली. कुणी पाणी बंद करायला विसरलेला, कुणी गेज पाडून गपचूप जागेवर ठेवलेलं. फादर नाव लिहून घ्यायचे नाहीत, फक्त शिक्षा द्यायचे. शिक्षा बहुतेक वेळा डब्याचीच असायची. त्या काळात आमच्या कारखान्यात कोण कुणाबरोबर जेवतोय यावरून मालात काय बिघडलंय ते कळायचं.

त्यांना वाचनाचं हे वेड लागलं ते जर्मनीत. आधीच्या एका नोकरीत त्यांना सहा आठवडे ट्रेनिंगला तिकडे पाठवलं होतं. ते पोचले शनिवारी संध्याकाळी. रविवारी सकाळी भाकरतुकडा शोधायला बाहेर पडले तर सगळं गाव बंद. त्यांना वाटलं कुणी मोठा पुढारी गेला. बायकोने दिलेल्या चिवड्यावर दिवस काढला आणि वेळ जाईना म्हणून सॅंडोपासून चादरीपर्यंत सगळं धुऊन गॅलरीत वाळत घातलं. घरमालकीण तणतणत वर आली. रविवारी कपडे? लोक काय म्हणतील?

"मी विचारलं, बाई, तुम्ही चर्चला जाता का? तर म्हणाली, लग्नानंतर गेले नाही. देवावर विश्वास हाय का? तर म्हणाली, छे! आता मला सांग," फादर इथे नेहमी जाळीतून बोट बाहेर काढायचे, "देवळात जाईना, देव मानीना, आणि माझी चड्डी रविवारी वाळू देईना. हा काय प्रकार हाय?"

हा काय प्रकार आहे ते शोधण्यात त्यांची पुढची पंचवीस वर्षं गेली. फुटपाथवरून जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणायची, शेजारी डिक्शनरी ठेवायची आणि दररोज चार-पाच पानं हातावेगळी करायची. वाचून झालेल्या प्रत्येक मुद्द्यावर ते शिक्का मारायचे. आमच्याकडे मालाला तीन शिक्के असतात, ओके, रीवर्क आणि रिजेक्ट. तेच शिक्के, तीच जांभळी शाई, आणि खाली कारखान्याच्या नियमाप्रमाणे सही आणि तारीख. कुठल्यातरी थोर पंडिताने आयुष्यभर खपून मांडलेला सिद्धांत, आणि त्याच्या छाताडावर 'रीवर्क'.

त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळं मला आता आठवत नाही. घड्याळ आधी मठांतल्या साधूंना लागलं, कारण त्यांना ठरल्या वेळी प्रार्थना करायची असायची. म्हणून आपला भोंगासुद्धा मूळचा देवळातलाच, फक्त घंटा काढून त्या जागी भोंगा बसवला. एकदा बायकोला दवाखान्यात नेलं तर तिथे पूर्ण वेळ ते नर्सकडेच बघत बसले होते. बायकोला वेगळाच संशय आला. हे म्हणाले, "अगं, हिला आपण सिस्टर का म्हणतो? तिकडं आजाऱ्यांचं मठातल्या बायका करायच्या, त्यांना सिस्टर म्हणायचे. ही बाई जुन्नरची, हिच्या सात पिढ्यांत कुणी मठ बघितला नाही, आणि अख्खा वॉर्ड तिला सिस्टर म्हणायलाय."

शेठनाही सुटका नव्हती. माल कधी जाणार विचारायला ते खिडकीशी आले की फादर सुरू व्हायचे. "शेठ, आपला काळ चाकासारखा. ही फेरी हुकली तर पुढची. तिकडच्यांचा काळ म्हणजे रेघ. ह्या टोकाला जगाचा जन्म, त्या टोकाला शेवटचा निवाडा. मग माणूस घाई करणार नाही तर काय?"

"फादर, निवाड्याचं सोडा, कंटेनरचं बोला," शेठ म्हणायचे. पण शेठना ते आवडायचे. "रिटायरचं टेन्शन नको, दोन वर्षं एक्स्टेन्शन देतो, जाळीमागेच म्हातारे व्हा," असं त्यांनी दहा माणसांसमोर सांगितलं होतं. फादरांना यापेक्षा जास्त काही नको होतं. घरी करंजाड्याला दोन खोल्या, त्यात पुस्तकांना जागा नाही आणि वाचताना कबुली द्यायला येणारंही कुणी नाही.

ते भक्त मात्र नव्हते, कुणाचेच. मी एकदा शहाणपणाने म्हणालो, की सगळी माणसं सारखी हा विचार आपल्याला चर्चवाल्यांकडूनच मिळाला. त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता आपली धडगत नाही. "त्यांचा देव जन्मायच्या पाचशे वर्षं आधी आपला माणूस अनवाणी हेच सांगत फिरत होता. तू शाळेत झोपला होतास काय?" आणि मग शांत झाल्यावर म्हणाले, की एकाने चर्चचं धर्मपुस्तक वाचून गुलामांची जहाजं भरली आणि दुसऱ्याने तेच पुस्तक वाचून ती रिकामी करायला लावली, त्यामुळे नुसत्या पुस्तकाला ओके मारता येत नाही.

एकदा खरेखुरे फादर कारखान्यात आले होते. चर्चच्या टाकीसाठी व्हॉल्व हवा होता म्हणून. वसईकडचे तरुण गृहस्थ, छान मराठी बोलणारे. तेवढ्यात शॉपमधून कुणीतरी "ओ फादर!" अशी हाक मारली आणि दोघांनी एकदम मान वळवली. खऱ्या फादरांनी खिडकीपुढची रांग बघितली, चौकशी केली आणि पोट धरून हसले. "आमच्याकडे हल्ली एवढी रांग नसते," म्हणाले. मग विचारलं, एवढा अभ्यास करताय, तर आत यायचा विचार नाही का?

"इन्स्पेक्टरनं माल विकत घ्यायचा नसतो," आमचे फादर म्हणाले. "आणि तुमची एक गोष्ट मी रिजेक्ट केलेली हाय. एकाचं पाप दुसऱ्यानं फेडायचं म्हणता ना, ते. ज्यानं केलं त्यानं फेडावं. आमचा बुद्ध तेच सांगतो, आणि आमचा कारखानाबी."

"अहो, तोच तर आमचा मेन पार्ट आहे! क्रुसावर दुसरं काय झालं?" खरे फादर म्हणाले.

"मग रीवर्क करून आणा," आमचे म्हणाले आणि त्यांना व्हॉल्व दिला. पॅकिंग स्वतः तपासून दिलं.

आता माझ्यावर येतो.

मी मूळचा साताऱ्याकडच्या कोरेगाव तालुक्यातला. तुर्भ्याला मार्केटमध्ये माथाडी असलेल्या चुलत्याच्या खोलीवर सात जणांत राहायचो. कारखान्यात सहा महिने ट्रायलवर होतो. गावाकडे लग्न ठरत आलं होतं. मुलगी मी बघितली होती आणि खरं सांगायचं तर बघितल्यापासून दुसरं काही सुचत नव्हतं. पण तिचे वडील एका वाक्यापाशी येऊन बसले होते. "पर्मनंट झाल्याबिगर सुपारी फुटायची न्हाई." दुसरं स्थळही त्यांनी हाताशी ठेवलं होतं, आणि ते स्थळ पर्मनंट होतं.

अशात हॉलंडच्या गिऱ्हाइकाचं ऑडिट आलं. त्यांची बाई येऊन सगळे कागद बघणार. आणि टेस्टिंगचं रजिस्टर तीन महिने कोरं! ते लिहिणारा दुसरा कारकून नोकरी सोडून गेला होता आणि त्याचं काम कुणालाच दिलेलं नव्हतं. टेस्ट रोज होत होत्या, मशीनमधून कागदाच्या पट्ट्या निघत होत्या, फादर त्या बिस्किटांच्या डब्यांत कोंबून ठेवत होते. पण रजिस्टरमध्ये कुणी काही लिहिलेलं नव्हतं.

फादर शेठना म्हणाले, "रजिस्टर लिहिलं नाही म्हणून सांगू. पट्ट्या हायत, त्या दाखवू. ही माणसं कबूल केलेल्या चुकीला काही करत नाहीत, लपवलेली सापडली की मारतात. हाडात हाय त्यांच्या."

शेठनी ते ऐकून घेतलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं. "टेस्ट तर झाल्यात ना? मग लिहायला काय जातं तुझं? दोन दिवसांत भरून टाक. ऑडिट क्लिअर झालं की पर्मनंटचं लेटर टाइप करतो."

रजिस्टर मागाहून भरणं ही आमच्या औद्योगिक पट्ट्यातली एक कला आहे. सगळं एका पेनाने लिहायचं नाही, चार पेनं घ्यायची. मधूनच अक्षर तिरकं काढायचं. एखाद्या पानावर तेलाचं बोट उमटवायचं, एखाद्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ. मी दोन दिवस रेकॉर्डरूममध्ये बसून, भिंतीवरचं कॅलेंडर समोर ठेवून तीन महिने लिहून काढले. स्वतःच्या कलेवर इतका खूश होतो की सहीसाठी फादरांच्या पुढ्यात ते रजिस्टर मी जवळजवळ ओवाळूनच ठेवलं.

फादरांनी चार पानं उलटली. मग परत मागे गेले. कॅलेंडरकडे बघितलं. आणि हसायला लागले. इतके हसले की चष्मा पडला, इतके हसले की लेथवरचे लोक मशीन बंद करून बघायला आले.

"अरे सातारकर," ते म्हणाले, "आपली सुट्टी कधी असती?"

मी कॅलेंडरकडे वळलो. विजेच्या कुठल्याशा जुन्या व्यवस्थेमुळे आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. रविवारी आम्ही सगळे कामावर. मी स्वतः सहा महिने रविवारी कामावर येत होतो. आणि रजिस्टरमध्ये मी एकूणएक शुक्रवारी टेस्ट घेतल्या होत्या आणि एकूणएक रविवार कोरे ठेवले होते. कॅलेंडरवर लाल दिसला की हात आपोआप पुढच्या तारखेवर गेला होता.

फादरांनी डोळे पुसले आणि मला आत, जाळीच्या आतल्या बाजूला, बसवलं. "आमच्या आजीनं धर्म बदलला तेव्हा घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले. परत एकदाबी त्यांचं नाव घेतलं नाही. पण दिवेलागणीला कोनाड्यापुढून जाताना तिचा हात मरेपर्यंत वर उठायचा. कोनाडा रिकामा. मग ती स्वतःच्या हातावर चापट मारायची आणि हसायची. माणूस डोक्यातनं सोडतो रे, हातातनं लवकर सुटत नाही. ती जर्मन बाई तशीच. आणि आता तू." त्यांनी माझा हात उचलून खरोखरच तपासल्यासारखा बघितला. "तुझा खंडोबा पालीला. बापजन्मात कुणी चर्चची पायरी चढलं नाही. आणि खोटं लिहितानासुद्धा तुझ्या हातानं त्यांचा वार पाळला. पुस्तकात छापण्यासारखा हायस तू."

मी रडकुंडीला आलो होतो. ते म्हणाले, "आता बाहेर जा, खिडकीपुढं ये आणि सांग, खोटं लिहिलं म्हणून. पुढचं मी बघतो."

मी बाहेर गेलो. पण खिडकीपुढे थांबलो नाही. सरळ स्टेशनरीच्या कपाटाकडे गेलो, नवं कोरं रजिस्टर घेतलं आणि सगळं पुन्हा लिहायला बसलो. या वेळी शुक्रवार कोरे आणि रविवार भरलेले. डोळ्यांपुढे ती मुलगी होती, दुसरं काही नव्हतं. नवं रजिस्टर फादरांच्या टेबलावर ठेवलं तेव्हा ते हसले नाहीत. "ठेव," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी सही केली नाही.

ऑडिटच्या दिवशी सकाळी बघतो तर प्रत्येक पानावर त्यांची सही. मला इतकं हायसं वाटलं की का केली हे मी विचारलंच नाही.

आलेली बाई तिशीची, दंडावर माशाचं गोंदण, मांसमच्छी न खाणारी. चहा होईपर्यंत फादरांनी तिच्याकडून काढून घेतलं की ती कुठलाही धर्म मानत नाही, तिची आईही मानत नव्हती, आणि तिच्या गावातल्या चर्चमध्ये आता पुस्तकांचं दुकान आहे. फादर खुर्चीत जरा पुढे सरकले. लहान मुलाला जादूचा खेळ सुरू होणार म्हणून वाटतं, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

बाईंनी रजिस्टर उघडलं. दोन पानं चाळली आणि भुवया वर गेल्या. "हे लोक रविवारी काम करतात? दर रविवारी? यांना विश्रांतीचा दिवस मिळत नाही?"

टेबलाखाली फादरांनी माझ्या नडगीवर अशी लाथ मारली की मी कळवळलो. शेठचा चेहरा पांढरा पडला. फादरांनी अतिशय गंभीरपणे समजावून सांगितलं की विश्रांती मिळते, पण शुक्रवारी. बाई म्हणाल्या, बरं, नियमात बसतं. पण पेन्सिलीने चौकटीत काहीतरी टिपून घेतलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "पण त्यांना रविवार नको असतो का?"

जेवणाच्या सुट्टीत फादर तिला गेजरूम दाखवायला घेऊन गेले. बराच वेळ दोघं आतच होते. मला वाटलं, चर्चवर प्रवचन झोडत असतील. संध्याकाळी बाई हसत, सगळ्यांशी हात मिळवून गेल्या. आठवड्याभरात मला पर्मनंटचं लेटर मिळालं आणि माझी बदली तुर्भ्याच्या गोदामात झाली. गावाकडे सुपारी फुटली. आयुष्यात त्याच्याइतका आनंद मला पुन्हा झालेला नाही.

तीन महिन्यांनी फादर रिटायर झाले. एक्स्टेन्शन मिळालं नाही. निरोपाला शेठ आले नाहीत, नारळ सुपरवायझरने दिला. मी विचारलं तर फादर म्हणाले, "बरं झालं की. आता निवांत वाचायला मिळंल." मी ते खरं मानलं. मला मानायचंच होतं. हळद लागायला आठ दिवस राहिले होते.

यानंतरची नऊ वर्षं मी सोडून देतो. गेल्या दिवाळीनंतर मला पुन्हा पावण्याला आणलं, क्वालिटीचा मुख्य म्हणून. गेजरूम तीच, जाळी तीच. नव्या ऑडिटची तयारी करताना जुन्या शेठच्या कपाटातली फाइल हाती आली. त्यात हॉलंडच्या बाईंचा चूक नोंदवायचा फॉर्म होता. 'चूक कशी व कोणाकडून झाली' या रकान्यात फादरांचं ठसठशीत अक्षर. इंग्रजीत लिहिलेलं, पण अर्थ असा: रजिस्टर मागाहून लिहिलं आहे. ते मी लिहून घेतलं. लिहिणाऱ्याला याची कल्पना नव्हती. टेस्ट खऱ्या आहेत, पट्ट्या सोबत जोडल्या आहेत. खाली सही. त्याखाली बाईंचा शेरा, की कबुली मान्य, पट्ट्या तपासल्या, पुढे नोंदी रोज ठेवाव्यात. ऑर्डर गेली नव्हती. फॉर्मच्या कोपऱ्यात शेठच्या अक्षरात, लाल पेनाने, दोनच शब्द होते. 'एक्स्टेन्शन कॅन्सल.'

मी तो कागद हातात धरून फादरांच्या खुर्चीत बसलो होतो. बाहेरून कुणीतरी गेज मागत होतं, मला ऐकूच आलं नाही.

पुढच्याच शुक्रवारी करंजाड्याला गेलो. तिसरा मजला, जाळीचं सेफ्टी डोअर, बाहेरून कुलूप. आत फादर. केस पूर्ण गेलेले, चष्मा तोच.

"काकू भाजीला गेलीय, मला कोंडून," ते म्हणाले. "मी गॅस चालू ठेवून फिरायला जातो म्हणती. चावी तिच्याकडंच हाय. थांब, नाहीतर तिथनंच बोल."

मग मी तिथूनच बोललो. जाळीला तोंड लावून, हळू आवाजात, नऊ वर्षांचं सगळं. पहिलं रजिस्टर मी लिहिलं, दुसरंही मीच, आणि दुसरं लिहिताना मला पुरती अक्कल होती. तुमचं एक्स्टेन्शन माझ्यामुळे गेलं, आणि मी विचारलंसुद्धा नाही.

"मोठ्यानं बोल," फादर म्हणाले. "पंखा चालू हाय."

मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि एक बाई खांद्यावर टॉवेल टाकून ऐकायला उभी राहिली.

"फॉर्म सापडला तर," फादर म्हणाले.

"सर, तुम्ही लिहिलंत मला कल्पना नव्हती म्हणून. तुम्हीच लिहून घेतलंत म्हणून. कबुलीत खोटं बोललात तुम्ही!"

"बोललो की," ते जाळीच्या आत खुदकन हसले. "जन्मात एकच कबुली दिली, तीबी खोटी. त्या बाईला कळलंबी असंल. ओके मारून गेली बिचारी."

काकू आल्या. मला बघून, माझे डोळे बघून, नवऱ्याकडे बघून कुलूप उघडता उघडता म्हणाल्या, "काय केलंत ह्याला? दारात रडवायलात लेकराला."

"मी काय करणार? शिक्षा घ्यायला आलाय," फादर म्हणाले. "ज्याच्यावर ढकललं त्याच्याबरोबर जेवायचं असतं. ताट वाढ."

वरण-भात, मेथीची भाजी आणि भाजलेली मिरची. चार घास खाल्ल्यावर मला राहवेना. म्हणालो, "सर, एकाचं पाप दुसऱ्याने फेडायचं, हे तुम्ही रिजेक्ट केलं होतं. त्या फादरांना तोंडावर सांगितलं होतंत."

 त्यांनी डाव्या हाताने मागच्या फळीवरचं एक जाड, निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक दाखवलं. मी हात धुऊन ते काढलं. त्यात रेल्वेच्या जुन्या तिकिटाची खूण होती. त्याच मुद्द्याच्या पानावर मोठा जांभळा 'रिजेक्ट', सही, जुनी तारीख. आणि त्याच्या खाली, जरा वाकडा पडलेला, 'रीवर्क'. सही. तारीख ऑडिटच्या दुसऱ्या दिवसाची.

मी वर बघितलं. फादर वरणभाताने भरलेला आपला उजवा हात उलटासुलटा करून बघत होते, ओतकामात कुठे भेग राहिलीय का, हे बघावं तसे.

"लई वर्षं वाचत बसलो ना," ते म्हणाले. "हाताला लागलं असंल."

मग त्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"घास."